गोष्ट सांगा, तात्पर्य राहू द्या

1977 सालचा जून महिना. अमेरिकेतल्या ॲरिझोना राज्यात, फोर्ट अपाचे राखीव क्षेत्रातल्या सिबिक्यू गावात एका मुलीच्या वयात येण्याचा सोहळा होता. पश्चिमी अपाचे या तिथल्या मूलनिवासी लोकांमध्ये हा सोहळा फार मानाचा. त्याला येणाऱ्या बायका केस मोकळे सोडून येतात; त्यानं सोहळ्याचा मान राखला जातो आणि त्या मुलीला मोठेपणी लागणारे गुण लाभतात, अशी श्रद्धा. त्या दिवशी सतरा वर्षांची एक पोर केसांना गुलाबी प्लॅस्टिकचे भले मोठे रोलर गुंडाळून आली. ती युटामधल्या बोर्डिंग शाळेतून घरी आली होती आणि तिकडे तशी फॅशन होती. सगळ्यांनी पाहिलं. कोणी चकार शब्द काढला नाही.

दोन आठवड्यांनी तिच्या आजोळी वाढदिवसाचं जेवण होतं. जेवणं उरकल्यावर आजीनं मंडळींना एक जुनी गोष्ट सांगितली. एका अपाचे माणसानं गोऱ्या माणसाची गाय मारली. एका अपाचे पोलिसानंच त्याला पकडलं आणि किल्ल्यावरच्या लष्करी अधिकाऱ्यापुढे नेलं. अधिकाऱ्यानं विचारलं, काय हवंय? पोलिसाच्या तोंडून भलतंच निघालं: काडतुसं हवीत, शिधा हवा. पकडलेल्या माणसाबद्दल अवाक्षर नाही. दुसऱ्या दिवशी तो पुन्हा गेला. आज काय? तर म्हणे, काल 'नमस्कार' आणि 'येतो' म्हणायचं राहूनच गेलं होतं. कोणीतरी शब्दांनी त्याच्या मनावर काम करत होतं, म्हणजे मंत्र घालून त्याला भुलवत होतं. शेवटी तो त्या माणसाला घेऊन परत फिरला आणि एका ठिकाणी त्याला सोडून दिलं. त्या ठिकाणाचं अपाचे नाव साधारण असं: 'वर जागोजागी माणसं उभी आहेत'. गोष्ट संपली.

थोड्या वेळानं ती मुलगी उठली आणि काही न बोलता आपल्या घराकडे चालू लागली. तिथं हजर असलेले मानवशास्त्रज्ञ कीथ बासो यांना वाटलं, हिला बरं नाही की काय. त्यांनी आजीला विचारलं. आजी म्हणाली, नाही, मी तिला बाण मारला.

दोनेक वर्षांनी बासोंनी त्याच मुलीला आपल्या गाडीतून घरी सोडलं. वाटेत ती जागा आली. बासोंनी विषय काढला. मुलगी आधी गप्प राहिली, मग हसली आणि आपल्या भाषेत म्हणाली की ती जागा मला ठाऊक आहे, ती रोज माझ्या मागावर असते. रोलर तिनं केव्हाच फेकून दिले होते.

मौखिक गोष्टीतून चारित्र्य घडतं असं आपण सहज बोलून जातो, पण ते घडतं कसं, हे या प्रसंगात जवळून दिसतं. आजीनं केसांचा विषयच काढला नाही. 'आपली रीत सोडू नये, गोऱ्यांसारखं वागू नये' असं तात्पर्यही सांगितलं नाही. सगळ्यांसमोर सांगितलेली गोष्ट नेमक्या एकीलाच लागली, आणि ती लागल्याचं बाकीच्यांना उघडपणे कळलंही नाही. पोरीची अब्रू राहिली. तिला उलट उत्तर द्यायला जागाच नव्हती, कारण तिला कोणी काही बोललंच नव्हतं. पोलिसाच्या वेंधळेपणातून स्वतःपर्यंतचा रस्ता तिनं स्वतः शोधला, आणि माणूस स्वतः शोधलेला रस्ता सहसा विसरत नाही.

दुसरी बाब जागेची. या अपाचे गोष्टी ठिकाणाच्या नावानं सुरू होतात आणि ठिकाणाच्या नावानंच संपतात. सांगणारी आजी उद्या नसेल, पण तो डोंगर, ती खिंड, तो झरा तिथंच असणार. येता-जाता तो दिसणार आणि गोष्ट पुन्हा जागी होणार. पुस्तकातला धडा मिटता येतो, रोजच्या रस्त्यावरचा डोंगर कसा मिटणार?

तिसरी बाब नात्याची, आणि तीच सर्वांत नाजूक. ती गोष्ट आजीनं सांगितली म्हणून लागली. तीच एखाद्या पाहुण्या प्राध्यापकानं सांगितली असती तर करमणूक झाली असती.

आता मूल्यं शिकवायला हे सगळं विद्यापीठात आणायचं म्हणजे काय? कॅनडात यावर गंभीरपणे काम झालं आहे, आणि त्यामागे एक काळा इतिहास आहे. तिथं शंभरहून अधिक वर्षं मूलनिवासी मुलांना घरांतून उचलून निवासी शाळांमध्ये घातलं जात होतं. घरची भाषा बोलली तर मार. आजी-आजोबा आणि नातवंडं यांच्यातला धागाच तोडायचा, म्हणजे गोष्टी आपोआप थांबतात. सत्य आणि सलोखा आयोगानं 2015 साली या प्रकरणाचा अहवाल दिला आणि 94 शिफारशी केल्या. त्यांतल्या बऱ्याच शिक्षणाबद्दल आहेत. म्हणजे तिकडे विद्यापीठात मौखिक कथा आणणं हा हौसेचा उपक्रम नाही. शिक्षणव्यवस्थेनं जे मोडलं ते थोडंफार सांधण्याचा तो प्रयत्न आहे.

व्हँकुव्हरच्या ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठात मूलनिवासी शिक्षक घडवणारा कार्यक्रम 1974 पासून चालू आहे. फ्रेझर नदीच्या खोऱ्यातल्या स्टोलो समाजाच्या जो-ॲन आर्चिबाल्ड या विद्यापीठात अनेक वर्षं शिकवत होत्या. आपल्या समाजातल्या जाणत्या म्हाताऱ्या माणसांकडे बसून त्यांनी गोष्टींवर काम करण्याची एक रीत मांडली. तिची सात तत्त्वं त्या सांगतात: आदर, जबाबदारी, देवघेव, पूज्यभाव, समग्रता, परस्परसंबंध आणि सांगणारा, ऐकणारा व गोष्ट एकत्र आल्यावर उभी राहणारी ताकद. यादी वाचून फार काही हाती लागत नाही, हे मान्य. पण पहिली चार तत्त्वं पाहा. ती गोष्टीतल्या मजकुराबद्दल नाहीतच, माणसानं गोष्टीशी कसं वागावं याबद्दल आहेत. चारित्र्याचं शिक्षण गोष्ट सांगायच्या आधीच सुरू होतं: कोणाची गोष्ट, कोणाला विचारून घेतली, बदल्यात त्यांना काय दिलं, आणि उद्या मी ती मोडून-तोडून सांगितली तर जबाबदार कोण. ऐकण्याबद्दल तिथले जाणते सांगतात की तीन कान लागतात, दोन डोक्याचे आणि एक काळजाचा.

त्या भागात आणि एकूणच पश्चिम अमेरिकेत अनेक जमातींमध्ये कोयोटीच्या गोष्टी आहेत. कोयोटी हा कोल्ह्या-लांडग्याच्या कुळातला प्राणी. गोष्टींमध्ये तो लबाड, अधाशी, वेंधळा आणि तरीही पवित्र. एका प्रसिद्ध गोष्टीत त्याला कोणीतरी आपले डोळे वर फेकून पुन्हा खोबणीत बोलावताना दिसतं. कोयोटीला ती विद्या हवी. मिळते, पण मर्यादा घालून: इतक्याच वेळा, जास्त नको. कोयोटी ऐकतो होय! एक दिवस डोळे परत येतच नाहीत. एका रूपात त्याला उंदीर एक डोळा देतो आणि रानगवा एक. एक खोबणीत गडगडणारा, दुसरा बाहेर लोंबणारा. असे दोन विजोड डोळे घेऊन त्याला पुढं जगायचं असतं.

शिक्षक होऊ घातलेल्या विद्यार्थ्यांना ही गोष्ट सांगितली की चर्चा वेगवेगळ्या वाटांनी जाऊ शकते. कोणी हावेबद्दल बोलेल, कोणी मर्यादेबद्दल. घरची एक नजर आणि विद्यापीठाची दुसरी नजर घेऊन वावरणाऱ्याला ते दोन डोळे आपलेच वाटतील. सांगणाऱ्यानं 'हावरटपणा वाईट' असं म्हणून टाकलं असतं तर हा तिसरा अर्थ कधी उगवलाच नसता.

काळाचंही एक बंधन असतं. नवाहो या अमेरिकेतल्या मूलनिवासी लोकांमध्ये कोयोटीच्या गोष्टी फक्त हिवाळ्यात सांगतात. बार टोएल्केन या अमेरिकन लोकसाहित्य-अभ्यासकानं 1960च्या दशकात ह्यू यलोमन या नवाहो कथेकऱ्याच्या गोष्टी ध्वनिमुद्रित केल्या. यलोमनचं म्हणणं होतं की या गोष्टी ऐकल्या तर माझी मुलं चांगली माणसं होतील, नाही ऐकल्या तर वाईट निघतील. टोएल्केन त्या टेप वर्षानुवर्षं अभ्यासासाठी वापरत होते. पुढं त्यांच्या लक्षात आलं की टेप संग्रहालयात पडल्या तर कोणीही कोणत्याही ऋतूत त्या लावणार. तीसेक वर्षांनी, यलोमन गेल्यानंतर, त्यांनी त्या टेप त्याच्या पत्नीकडे पाठवून दिल्या. त्या नष्ट होणार हे त्यांना ठाऊक होतं. अनेक अभ्यासकांना हे वेडेपण वाटलं असेल. मला यात शिस्त दिसते. संशोधकाचं चारित्र्य म्हणजे काय यावर वर्गात तासभर बोलण्यापेक्षा हा एवढा प्रसंग सांगून गप्प बसावं, आणि मुलांना भांडू द्यावं. ज्ञान जपणं मोठं की गोष्टीचं बंधन पाळणं? यावर दोन्ही बाजूंनी बोलता येतं.

विज्ञान काय म्हणतं? गोष्टीत गुंगून गेलेला माणूस तिच्याशी कमी वाद घालतो, हे मानसशास्त्रात चांगलं अभ्यासलेलं आहे. मेलनी ग्रीन आणि टिमोथी ब्रॉक यांचं 2000 सालचं संशोधन त्यात नेहमी सांगितलं जातं. पण यात हुरळून जाण्यासारखं काही नाही. खोटी आणि विखारी गोष्टसुद्धा माणसाला तितकीच गुंगवते, हे व्हॉट्सॲपच्या जमान्यात वेगळं सांगायला नको. 2014 मधला दुसरा एक प्रयोग लहान मुलांवरचा आहे. वेगवेगळ्या गटांना वेगवेगळ्या गोष्टी सांगितल्या आणि नंतर मुलं खरं बोलतात का ते पाहिलं. 'लांडगा आला रे आला' ऐकलेल्या मुलांवर काहीच परिणाम दिसला नाही. खोटारड्याला लांडग्यानं खाल्लं काय, मुलं आपली खोटं बोलतच राहिली. परिणाम दिसला तो छोट्या जॉर्ज वॉशिंग्टननं चेरीचं झाड तोडल्याचं वडिलांना खरं सांगितलं आणि शाबासकी मिळवली, त्या गोष्टीचा. गंमत अशी की ती गोष्ट एका चरित्रकारानं रचलेली, म्हणजे खरेपणाचा धडा खोट्या आठवणीतून! प्रयोग तीन ते सात वर्षांच्या मुलांवरचा आहे, तो विद्यापीठाला जसाच्या तसा लावता येणार नाही. पण भीती घालणाऱ्या गोष्टीनं माणूस सुधारतो हा आपला जुना भरवसा त्यानं नक्कीच हलवला.

आपल्याकडे हा विषय आता थेट वेळापत्रकात आला आहे. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण 2020 नुसार महाराष्ट्रातल्या पदवी अभ्यासक्रमात मूल्य शिक्षण आणि भारतीय ज्ञान प्रणाली यांना स्वतंत्र क्रेडिट दिलेले आहेत. आता धोका उघड आहे. पीपीटीच्या पहिल्या स्लाइडवर 'मूल्ये: प्रामाणिकपणा, करुणा, सहिष्णुता', दुसरीवर एखादी बोधकथा, खाली जाड ठशात तात्पर्य, आणि सत्राअखेर बहुपर्यायी प्रश्न: 'वरील कथेतून कोणते मूल्य दिसून येते?' मुलं बरोबर पर्यायावर खूण करतात आणि बाहेर पडतात. त्यांचा दोष नाही. आपण विचारलंच तेवढं.

त्यापेक्षा खुलभर दुधाची कहाणी घ्या. श्रावणी सोमवारची, हातात तांदूळ घेऊन ऐकायची. आटपाट नगरच्या राजाच्या मनात आलं की महादेवाचा गाभारा दुधानं भरावा. दवंडी पिटली: सोमवारी सगळ्यांनी घरातलं सगळं दूध देवळात आणावं. राजाज्ञा ती. कोणी वासरांना ठेवलं नाही, कोणी पोराबाळांना ठेवलं नाही. घागरीवर घागरी ओतल्या, गाभारा काही भरेना. दुपारी एक म्हातारी आली. तिनं आधी घरचं कामधाम उरकलं, मुलाबाळांना खाऊ घातलं, लेकीसुनांना न्हाऊ घातलं, गाईवासरांचं पाहिलं, आणि मग उरलेलं खुलभर दूध घेऊन निघाली. देवाला म्हणाली, राजाच्या एवढ्या दुधानं भरला नाही तो माझ्या खुलभरानं काय भरणार, पण मी आपली भावानं वाहते. ती पाठमोरी झाली आणि गाभारा भरला. पुढच्या सोमवारी पुन्हा तसंच. शेवटी राजा स्वतः पाळतीवर बसला आणि त्यानं म्हातारीचा हात धरला.

वर्गात इथं थांबावं. हाताला धरलेली म्हातारी घाबरलेली आहे. तिनं राजाज्ञा मोडली आहे, आणि पुरावा डोळ्यांसमोर भरलेला आहे. कहाणीत राजा तिला आधी अभय देतो आणि मग ती सांगते की तुझ्या आज्ञेनं वासरांचे आणि लेकरांचे जीव तळमळले, म्हणून तुझा गाभारा भरला नाही. कहाणीत उलगडा आहे, पण तो कोणापुढे होतो ते पाहा. म्हातारी राजाला सांगते. सांगणारी बाई मान वळवून आपल्याकडे पाहत 'तर मुलींनो, यावरून आपण काय शिकलो' असं विचारत नाही.

या गोष्टीत राजा खलनायक नाही, आणि पदवीच्या वर्गासाठी मला हीच तिची खरी ताकद वाटते. त्याचा हेतू चांगला आहे, आज्ञाही धर्माचीच आहे. उद्या ही मुलं कार्यालयात, बँकेत, दवाखान्यात, झेडपीत बसतील तेव्हा त्यांच्या वाट्याला येणारे वाईट हुकूम असेच चांगल्या हेतूचे असतील. उद्दिष्टाचा आकडा भरायचाय, आणा सगळं दूध. तेव्हा आधी वासरू पाजणाऱ्याला अभय कोण देणार, आणि न मागता देणारा राजा आपण होऊ का, हा प्रश्न ज्याला पडायचा त्याला पडेल. सगळ्यांना आणि त्याच दिवशी पडायला हवा, अशी घाई मात्र नको.

प्रत्यक्ष तास कसा घ्यायचा? शिक्षकानं गोष्ट पुस्तकातून वाचून दाखवू नये, तोंडी सांगावी. चुकली तर चुकू द्यावी. मुलांनी गोल बसून ऐकावी, लिहून घेऊ नये. मग चर्चा लगेच नको. दोन आठवड्यांनी एखाद्यानं तीच गोष्ट परत सांगावी, म्हणजे त्यानं काय गाळलं आणि काय वाढवलं ते सगळ्यांना ऐकू येतं. बोलणं तिथून सुरू होतं. नंतर प्रत्येकानं घरातल्या किंवा गावातल्या कोणाकडून तरी एक गोष्ट ऐकून यावी आणि वर्गात सांगताना तीन गोष्टींचा उल्लेख करावा: कोणाकडून ऐकली, ती कुठल्या जागेची, आणि चार लोकांत सांगायची परवानगी घेतली का. परवानगी नसेल तर 'गोष्ट आहे, पण सांगता येत नाही' एवढं म्हणून खाली बसायची मुभा असावी. अशा खाली बसण्याचे पूर्ण गुण द्यावेत.

हा शेवटचा नियम आदिवासी गोष्टींच्या बाबतीत जास्त महत्त्वाचा आहे. कोकणा, वारली, भिल्ल, गोंड समाजांमधल्या कित्येक कथा विधीचा भाग असतात. सांगणारे ठरलेले, वेळ ठरलेली. वारल्यांच्या लग्नात चौक लिहिताना गाणारी धवलेरी ही काही सांस्कृतिक कार्यक्रमाची कलाकार नव्हे. तिला 'भारतीय ज्ञान प्रणाली'च्या तासाला बोलवायचं तर आधी तिच्या पाड्यावर जावं लागेल, मान आणि मानधन दोन्ही द्यावं लागेल, आणि ती 'इथं नाही गाता येत' म्हणाली तर ते ऐकावं लागेल. गणेश देवी बडोदा विद्यापीठातली इंग्रजीची प्राध्यापकी सोडून या वाटेनं गेले. त्यांच्या 'भाषा' नावाच्या संस्थेनं गुजरातमधल्या छोटा उदेपूर भागात, तेजगडला आदिवासी अकादमी उभी केली. गोष्ट जिथली आहे तिथं संस्थेनं जायचं, असा तो उलटा प्रवास होता. शहरातल्या प्रत्येक कॉलेजला हे जमणार नाही. निदान बस काढून विद्यार्थ्यांना तिकडे नेणं तरी जमेल.

आणखी एक अडचण आहे. परंपरेतली प्रत्येक गोष्ट गुणाची नसते. आपल्याच कहाण्यांमध्ये सगळं सोसून गप्प राहणारी नावडती राणी आहे, जातीची उतरंड आहे, व्रत मोडलं म्हणून कोसळणारी संकटं आहेत. 'उतू नको, मातू नको, घेतला वसा टाकू नको' या ओळीत निष्ठा आहे आणि धाकही आहे. अशा गोष्टी गाळू नयेत, पण त्या सांगून शिक्षकानं मान डोलावत बसू नये. वर्गातल्या एखाद्या मुलीनं तीच कहाणी नावडतीच्या तोंडून सांगितली तर परंपरा बुडत नाही. मौखिक गोष्ट अशीच तर हजारदा बदलत आपल्यापर्यंत आली आहे.

राहता राहिले गुण, कारण विद्यापीठ म्हटलं की गुणपत्रिका आलीच. विद्यार्थ्याचं चारित्र्य मोजायला जाऊ नये. करुणेला 10 पैकी 7 देणारा शिक्षक स्वतः हास्यास्पद होतो, आणि मुलं आठवडाभरात करुणेचं नाटक शिकतात. मोजता येतं ते वेगळं: गोष्ट नीट ऐकली का, परत सांगताना मूळ सांगणाऱ्याला न्याय दिला का, परवानगी घेतली का, दुसऱ्याची गोष्ट मध्ये न तोडता ऐकली का, दोन आठवड्यांनी गोष्टीबद्दल काही नवं सुचलं का. यासाठी उत्तीर्ण किंवा अनुत्तीर्ण एवढी श्रेणी पुरते. सिबिक्यूच्या त्या मुलीवर गोष्टीनं काय केलं हे बाहेरच्या माणसाला कळायला दोन वर्षं लागली. आपलं सत्र पंधरा आठवड्यांचं असतं.